चार बाजू आणि एक कर्ण

मी कवी माणूस. बी. ए. झालो तोही भाषा विषय घेऊन. गणिताशी माझी दोस्ती कधी जमलीच नाही. तरीही आज गणितातल्या एका जुन्या चुकीविषयी बोलणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

अब्बांच्या पश्चात आम्हा भावंडांत वाटणी झाली. घरामागची, जराशी तिरपी जागा धाकट्या बहिणीच्या वाट्याला आली. फितीने चार बाजू मोजल्या. ओळीने ६०, ४०, ६४ आणि ४४ फूट. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही आमच्याकडे चालत आलेली रीत. ६२ गुणिले ४२ म्हणजे २,६०४ चौरस फूट. घरात शिकलेला मी, तेव्हा हिशेब मीच मांडला. बहीण म्हणाली, "भाईजान, एवढी वाटत नाही हो." मी म्हणालो, "अगं, हिशेब म्हणजे हिशेब." ती गप्प बसली.

वीस वर्षांनी तिने तिथे घर बांधायचे ठरवले. तिचा मुलगा स्थापत्यातली पदविका घेतलेला. संगणकावर जागेचा नकाशा काढायला बसला आणि विचारू लागला, "मामू, कर्ण किती?" मी म्हटले, "अरे, चारही बाजू कागदावर आहेत की!" तो हसला. आम्ही फीत घेऊन गेलो, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली. ६० फूट भरले. त्याने आकृती काढली, शेवटची रेघ पहिल्या बिंदूला नेऊन मिळवली आणि क्षेत्रफळ विचारले. पडद्यावर उत्तर आले : २,४०१. म्हणजे २०३ चौरस फूट कमी. चांगली ऐसपैस खोली झाली असती तेवढ्यात!

मग मी जरा वाचू लागलो, आणि शरमेने मान खाली गेली. माझी ही रीत फार जुनी निघाली. इजिप्तमधल्या एडफूच्या मंदिराच्या भिंतीवर शेतांचे हिशेब याच रीतीने कोरलेले आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये तिला 'स्थूल' म्हटले. आयत सोडला तर ही रीत प्रत्येक वेळी क्षेत्रफळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे ज्याला जमीन मिळते, त्याचेच नुकसान.

ब्रह्मगुप्ताने दुसरे, सूक्ष्म सूत्रही दिले. पण ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, त्यालाच ते बिनचूक लागू पडते. ही मेख भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त उघड केली. त्यांचे उदाहरण साधे आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. काटकोनात उभा असेल तर क्षेत्रफळ ६२५. जरा कलला आणि कर्ण ३० व ४० झाले, तर ६००. आणखी कलून कर्ण १४ व ४८ झाले, तर ३३६. बाजू त्याच, जमीन निम्म्यावर! कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आचार्यांनी चक्क पिशाच्च म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट. आमच्या घरातला उत्तर देणारा मीच.

याच 'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केला. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात जमीनमोजणीचा एक भाग आहे आणि वारशाच्या वाटणीची लांबलचक उदाहरणेही आहेत. मोजणी आणि वाटणी एकाच पुस्तकात! 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला.

पण संगणक मोजतो कसा? भाच्याने समजावले. प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे असतात. एक आडवे अंतर, एक उभे. या कोपऱ्याचे आडवे अंतर पुढच्या कोपऱ्याच्या उभ्या अंतराने गुणायचे, उलट गुणाकार त्यातून वजा करायचा, असे करत पूर्ण फेरी मारायची आणि बेरजेचे निम्मे करायचे. चार कोपरे असोत की चारशे, बाजू सरळ असल्या की झाले. ही रीत जर्मन गणिती माइस्टर याने १७६९ मध्येच मांडली होती. वाकड्यातिकड्या आकृतीसाठी स्वित्झर्लंडच्या आम्सलरने १८५४ मध्ये प्लॅनिमीटर काढला. त्याची सुई नकाशाच्या हद्दीवरून फिरवून मूळ जागी आणली की चाकावर क्षेत्रफळ उमटते. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' तयार केले आणि संगणकाच्या पडद्यावर लेखणीने आकृती काढता येऊ लागली. १९८२ मध्ये 'ऑटोकॅड' आले आणि हे काम छोट्या संगणकांवर होऊ लागले. आज ते नुसते क्षेत्रफळच नव्हे, तर आकृतीचा गुरुत्वमध्यही क्षणात सांगते.

मात्र एक गोष्ट बदललेली नाही. यंत्र मोजते ती आपण काढून दिलेली आकृती, जमीन नव्हे. भाच्याने कर्ण न मोजता अंदाजाने कोपरे मांडले असते, तर संगणकानेही चुकीचेच उत्तर दिले असते, आणि तेही दशांश चिन्हापुढच्या चार आकड्यांसकट. मग तर माझ्या बहिणीला तोंडच उघडता आले नसते.

माझ्या बाजूचे कुंपण आत सरकवून मी तिचे २०३ फूट भरून दिले. ती म्हणाली, "राहू दे ना भाईजान, आता काय त्याचे!" पण डोळे पुसले तिने.

तुमच्या घरी कुणी जागा मोजत असेल, तर फीत एकदा कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणून बघा. आणि कुणी "एवढी वाटत नाही" म्हणाले, तर हिशेब दाखवू नका. पुन्हा मोजा.