डफ फोडणारा शाहीर आणि आपली बारामती

मंडळी, बारामती म्हटलं की ऊस, कारखाना आणि राजकारण. पण सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी याच कऱ्हाकाठी एका तमासगिराचं आयुष्य फिरलं, हे आपल्या वडगावात तरी किती जणांना माहीत आहे?

राम जोशी सोलापूरचा. घर वैदिक ब्राह्मणाचं, थोरला भाऊ मुद्गल पुराण-कीर्तन करणारा. पोराचा जीव मात्र धोंडी शाहिराच्या फडात. लावण्या रचायला लागला तसं भावानं घराबाहेर काढलं. राम गेला पंढरपूरला, बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकला. परत आला, कीर्तनं केली, आणि पुन्हा डफ-तुणतुण्याकडेच वळला! त्याच्या लावणीत संस्कृत शब्द असे चपखल बसतात की पंडितानंही मान डोलवावी आणि फडातल्या गड्यानंही.

बारामतीत तेव्हा मोरोपंत (१७२९-१७९४) होते. जन्म पन्हाळ्याचा, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते इथलेच झाले. जुनी माणसं सांगतात, पंतांनी रामाची कवनं ऐकली आणि ही वाणी देवाच्या कामी लाव म्हणाले. रामानं तिथंच डफ फोडला. आता डफ फोडण्याचा प्रसंग घडला किती आणि रंगवला किती, देव जाणे. पण पुढं तो पंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला, हे पक्कं.

आपण ही गोष्ट 'वाया गेलेला पोरगा सुधारला' अशी सांगतो. मला ते पटत नाही. पंतांची आर्या जड, समासांनी भरलेली. ती साध्या श्रोत्याच्या कानात उतरवायला माणूस कुठला लागला? फडात तयार झालेला! लय, फेक, माणसं धरून ठेवायची हातोटी, हे सगळं त्यानं डफावरच कमावलं होतं. फुटला असेल तर डफ फुटला, विद्या नाही. तिकडं अमेरिकेत अल ग्रीन या सोल गायकानं १९७६ साली मेम्फिसमध्ये चर्च काढलं, पाद्री झाला, देवाची गाणी गायला लागला. गळा तोच राहिला.

१९४७ साली राजकमलनं 'लोकशाहीर रामजोशी' काढला. जयराम शिलेदार राम जोशी झाले, सोबत हंसा वाडकर. पिक्चर तुफान चालला. लोकांच्या तोंडी राहिल्या त्या लावण्याच, कीर्तन नव्हे!

आजही आपल्याकडे हरिनाम सप्ताहाला वर्गणी देणारा हातच यात्रेतल्या तमाशाचीही वर्गणी देतो, पण पत्रिकेत नाव फक्त पहिल्याच ठिकाणी छापून घेतो.

कोणाच्या घरी जुन्या आर्यांच्या किंवा लावण्यांच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढून कमेंटमध्ये टाका.