दिनविशेष : ८ डिसेंबर – पाण्याचे थेंब

फिनलंडचे संगीतकार ज्याँ सिबेलिअस यांचा जन्म १८६५ साली आजच्या दिवशी हामेनलिन्ना गावी झाला. फिनलंडवर तेव्हा रशियन झारची सत्ता होती. डॉक्टर असलेले वडील १८६८ मध्ये टायफसने गेले, ते रुग्णांवर उपचार करतानाच. पुढे घरात मुलांचेच त्रिकूट जमले : बहीण लिंडा पियानोवर, धाकटा ख्रिस्तियान चेलोवर आणि स्वतः ज्याँ व्हायोलिनवर.

सिबेलिअस यांची पहिली रचना म्हणून ‘वेसिपिसारोइता’ (पाण्याचे थेंब) सांगितली जाते. व्हायोलिन आणि चेलो, दोनच वाद्ये. गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडायच्या. टपटप ऐकू येते आणि मिनिटभरात सारे संपते. दहाव्या वर्षी लिहिल्याचे जुने चरित्रकार सांगत. पण व्हायोलिनचे रीतसर धडे सुरू झाले ते चौदा-पंधराव्या वर्षी, त्यामुळे आताचे अभ्यासक ती नंतरची मानतात. आम्हालाही तेच पटते. ‘फिनलंडिया’ या त्यांच्या पुढच्या रचनेचा कर्ता पाळण्यातच दिसला, असे म्हणण्याइतके या रचनेत काही नाही, गोडवा मात्र आहे.

सिबेलिअस यांचे निधन २० सप्टेंबर १९५७ रोजी झाले. त्यांचा जन्मदिवस फिनलंडमध्ये ‘फिनिश संगीत दिन’ म्हणून साजरा होतो.