माप जमले की पेहराव जमला

पुरुषांच्या कपड्यांत विशेष ते काय असणार, शर्ट-पँट चढवली की झाले, असा समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत बराच काळ होता. साड्यांच्या खरेदीसाठी अख्खा दिवस राखून ठेवणारे कुटुंब घरातील पुरुषाचे कपडे अर्ध्या तासात उरकत असे. आता चित्र बदलले आहे. मॉल आहेत, ऑनलाइन दुकाने आहेत आणि पहिल्या पगारातून नामांकित ब्रँडचा शर्ट घेणारे तरुणही आहेत. तरीही मुंबईच्या लोकलमध्ये किंवा पुण्यातील एखाद्या कार्यालयात सहज नजर टाकली, तर खांद्यावरून ओघळणारे शर्ट, बुटांवर गोळा झालेल्या पँट आणि पोटावर ताणलेली बटणे सर्रास दिसतात. या कपड्यांवर खर्च कमी झालेला नसतो. ते मापाचे नसतात, इतकेच.

नोकरीसाठी मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. त्याने तोंड उघडण्यापूर्वी समोरच्यांना त्याचे कपडे दिसतात. शिवाय त्याच्या खिशात पैसेही मोजकेच असतात. ते कोठे खर्च करावेत आणि कोठे वाचवावेत, हे कळले तर थोडक्या कपड्यांतही माणूस रुबाबदार दिसतो.

आकड्यांचा घोळ

तयार शर्टावरील आकडा नेमका कशाचा, हे अनेकांना ठाऊक नसते. काही कंपन्यांच्या फॉर्मल शर्टावरील ४० हा आकडा गळ्याचा घेर सेंटीमीटरमध्ये सांगतो, तर काहींच्या शर्टावर तोच आकडा छातीचे माप इंचांत दर्शवतो. त्यामुळे एका कंपनीचा ४० नंबरचा शर्ट अंगाला चपखल बसतो आणि दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर ढगळ होतो. आपल्या देशातील तयार कपडे दीर्घकाळ परदेशी मापांच्या तक्त्यांवर बेतलेले होते. भारतीय शरीरयष्टीची स्वतंत्र मापे ठरवण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला आणि देशभरातील सुमारे २५ हजार लोकांची मापे घेण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणाने. तात्पर्य, आकड्यावर विसंबू नये. कपडा घालून पाहावा, आरशासमोर हात वर करावेत, खुर्चीवर बसावे आणि मगच पैसे मोजावेत.

शर्ट घालून पाहताना सर्वप्रथम खांदा तपासावा. बाही जेथे जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यावयास हवी. कॉलरचे बटण लावल्यावर गळा आणि कॉलर यांत एक-दोन बोटे सहज जावीत. पूर्ण बाहीचा कफ मनगटाच्या हाडापर्यंत पोहोचावा. पँट पट्ट्याच्या आधाराशिवाय कमरेवर टिकली पाहिजे आणि तिचा खालचा काठ बुटावर हलकासा टेकावा; घोट्याशी चुण्यांचा ढीग होता कामा नये. ब्लेझरचे बटण लावल्यावर पोटावर फुलीसारखी घडी उमटली, तर तो तंग आहे असे समजावे.

यातील काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पँटची लांबी, कमरेचा घेर, शर्टाची बाजूची शिवण, बाहीची लांबी हे सारे गल्लीतील शिंपी थोड्या पैशांत ठीक करून देतो. खांदा मात्र दुरुस्त करणे अवघड आणि खर्चिक असते. म्हणून खांद्याला बसणारा कपडा घ्यावा आणि बाकीचे शिंप्याकडून जुळवून घ्यावे.

आहेरात आलेले शर्टपीस आणि पँटपीस आजही अनेक घरांच्या कपाटांत पडून असतात. चांगल्या शिंप्याच्या हाती पडले तर हेच कापड तयार कपड्यांपेक्षा सरस ठरते. सुती कापड मात्र शिवायला टाकण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. ते पहिल्या धुण्यात आटते, आणि शिवल्यानंतर आटले तर सारे माप फुकट जाते. नव्या शिंप्याकडे आधी एकच शर्ट शिवावा. तो मनासारखा झाला तरच पुढचे कापड द्यावे.

कापड हवामानाचे

मुंबई आणि कोकणपट्टीत हवा दमट असते. तेथे घाम वाळत नाही. अशा हवेत शुद्ध सुती कापड सर्वांत सोयीचे. ते घाम शोषून घेते. मात्र त्याला सुरकुत्या लवकर पडतात. पॉलिस्टरला सुरकुत्या पडत नाहीत, पण ते घाम शोषत नाही आणि दुपारनंतर अंगाला चिकटते. रोज इस्त्री शक्य नसेल, तर सूत अधिक आणि पॉलिस्टर कमी असे मिश्र कापड हा चांगला मध्यममार्ग होय. जवसाच्या रोपाच्या देठातील तंतूंपासून बनणारे लिनन उन्हाळ्यात फारच सुखद असते. त्याच्या सुरकुत्या हा त्याचा स्वभाव आहे, त्यामुळे ते सुटीच्या दिवशी अधिक शोभते. नागपूर-विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यातही फिकट रंगाचे सुती वा लिनन कपडेच बरे.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन हमखास उठून दिसतो. त्याऐवजी त्वचेच्या रंगाशी मिळताजुळता बनियन वापरावा.

कार्यालयासाठी

रोज नवे कपडे हवेत, ही समजूत चुकीची आहे. पाच शर्ट आणि तीन पँट एवढे भांडवल नोकरदाराला पुरते. शर्टांत दोन पांढरे, दोन फिकट निळे आणि एक बारीक रेघांचा असावा. पँट गडद निळी, गडद करडी आणि बदामी अशा असाव्यात. यातील कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालतो, म्हणजे १५ जोड्या होतात. सकाळी कपाटासमोर विचार करत उभे राहण्याची वेळ येत नाही.

काळे आणि तपकिरी असे चामड्याच्या बुटांचे दोन जोड ठेवावेत. पट्टा बुटांच्या रंगाचा असावा. मोजे पँटच्या रंगाशी मिळते आणि इतपत लांब असावेत की, बसल्यावर पायाची त्वचा उघडी पडू नये. टाय बांधला तर त्याचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे. दोन बटणांच्या ब्लेझरचे फक्त वरचे बटण लावावे आणि बसताना तेही सोडावे. नव्या ब्लेझरच्या बाहीवरील कंपनीची पट्टी आणि मागील फटीवरचे कच्चे टाके काढून टाकावेत. पुष्कळ जण ते शोभेचे समजून तसेच ठेवतात.

मुलाखतीला जाताना त्या संस्थेतील रोजच्या रिवाजापेक्षा एक पायरी वरचा पोशाख करावा. बँक, विमा वा कायद्याशी संबंधित कार्यालयात पांढरा शर्ट, गडद पँट, काळे बूट आणि जमल्यास टाय. सॉफ्टवेअर कंपनीत पूर्ण बाहीचा शर्ट आणि साधी पँट पुरेशी. जाहिरात संस्थेत ब्लेझरखाली कॉलरचा टी-शर्टही खपतो. मुलाखतीच्या दिवशी कोरे कपडे प्रथमच घालू नयेत. ते आधी एकदा दिवसभर घालून पाहावेत, म्हणजे कोठे टोचते, कोठे ताणते ते कळते.

सुटीचा दिवस

आज सैलसर वाटणारे अनेक कपडे मुळात कामाचे वा खेळाचे होते. श्रमिकांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या रिबिटा ठोकण्याची युक्ती जेकब डेव्हिस या शिंप्याची. त्याने आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी मिळून १८७३ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले, आणि त्यातून जीन्स आली. कॉलरचा विणीचा टी-शर्ट फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त यांनी १९२० च्या दशकात मैदानावर रूढ केला. पूर्ण बाहीच्या शर्टात त्यांना खेळताना अडचण होई. खाकी रंग १९ व्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेत आला. ‘खाक’ म्हणजे धूळ, यावरून त्याचे नाव पडले. आजच्या चिनो पँटचे मूळ अशाच लष्करी गणवेशात आहे.

हा इतिहास ठाऊक असला की, कोणता कपडा कोठे शोभतो हे आपोआप उमगते. शुक्रवारी कार्यालयात मोकळीक असेल, तर चिनो आणि कॉलरचा टी-शर्ट उत्तम. जीन्स घालायची तर गडद निळी, न फाटलेली, न विटलेली घ्यावी. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर तो आखूड, तळाशी सरळ कापलेला असावा. खोचण्यासाठी शिवलेला लांब, गोलाकार काठाचा शर्ट बाहेर सोडला की माणूस गबाळा दिसतो. मोठमोठी अक्षरे छापलेले टी-शर्ट वयाच्या पंचविशीनंतर बेतानेच वापरावेत.

घरगुती समारंभाला सुती किंवा रेशमी कुर्ता आणि त्यावर बंद गळ्याचे बिनबाह्यांचे जाकीट हा आपल्या हवेला साजेसा पर्याय आहे. कुर्त्यालाही खांद्याचा नियम लागू होतो, आणि त्याची लांबी गुडघ्याच्या आसपास असावी. पायांत कोल्हापुरी असेल तर पेहराव पूर्ण होतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मांडल्या. त्यावर भारतातून टीका झाल्यावर कंपनीने त्यांमागील प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. आपल्या जिन्नसाची किंमत परदेशातून कळावी लागू नये, एवढेच यावर म्हणता येईल.

पावसाळा आणि निगा

जून ते सप्टेंबर हे चार महिने चामड्याचे वैरी असतात. पावसात रबरी सँडल घालून निघावे आणि बूट-मोज्यांचा एक जोड कार्यालयातच ठेवावा. कोल्हापुरी चपला या काळात कोरड्या जागी ठेवून द्याव्यात. बूट भिजलेच तर आत रद्दी कागद कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवावेत. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलेले चामडे तडकते. एरवीही एकच जोड रोज वापरू नये. एक दिवसाची विश्रांती मिळाली की आतील घाम वाळतो आणि बूट दीर्घकाळ टिकतात.

गडद रंगाचे कपडे उलटे करून धुवावेत, म्हणजे रंग कमी विटतो. सुती शर्टाला किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. कॉलर झिजली, बटण लोंबू लागले किंवा पँटची दुमड उसवली, तर त्याच आठवड्यात शिंप्याकडे जावे.

पैसे कसे वाटावेत, याचे उत्तर सोपे आहे. आधी चांगले बूट घ्यावेत, कारण ते वर्षानुवर्षे चालतात. मग मापाच्या दोन-तीन पँट, त्यानंतर शर्ट आणि सर्वांत शेवटी ब्लेझर. प्रत्येक खरेदीच्या वेळी शिंप्याच्या मजुरीची रक्कम बाजूला ठेवावी. पाच हजारांचा ढगळ शर्ट घालणाऱ्यापेक्षा आठशेचा शर्ट अंगाबरोबर बसवून घेणारा माणूस केव्हाही नेटका दिसतो.