तीन मिनिटांचे खाँसाहेब

वाईच्या घाटावरून वाहणारे कृष्णेचे पाणीच पुढे सांगली-मिरजेला पोचते. वाईने कोश रचले. मिरजेने तंबोरे घडविले आणि गवय्यांना आसरा दिला. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांवर नोंद आहे. एका आयुष्याचे सार थोडक्या ओळींत! त्यांच्या निवडक गायनाची लाँग प्ले तबकडी हेही तसेच सार. पण ते काढले कोणी आणि कशातून, हे वाचकांनी जरूर पाहावे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतील कैराना गावचा. बडोद्याच्या दरबारात राहून ते महाराष्ट्रात आले आणि अखेर मिरजेचेच झाले. १९०५ च्या सुमारास त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. पण आज आपण जे खाँसाहेब ऐकतो, ते बहुतांशी त्यांनी उतारवयात ओडियन कंपनीसाठी गायिलेले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत एकच राग तासभर आळवणाऱ्या गवयाला तेवढ्यात सारा राग उभा करावा लागे!

लाँग प्ले तबकडी अमेरिकेत अवतरली १९४८ साली. खाँसाहेब गेले १९३७ साली. म्हणजे ही निवड त्यांची नव्हेच. मागाहून कोणीतरी ते तुकडे ओळीने मांडले. झिंझोटीची ठुमरी, भैरवीची ठुमरी, क्वचित त्यागराजांची कर्नाटकी कृती. एकेक तुकडा संपतो तेथे राग संपलेला नसतो. जागा संपलेली असते.

घरातली कहाणी तर या तबकडीत नाहीच. १९२२ साली पत्नी ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या मुलांतले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे पुढे नामवंत झाले, पण वडिलांचे नाव त्यांनी लावले नाही. नाव तुटले, सूर मात्र तुटला नाही. हिराबाईंचे गाणे ऐकणाऱ्याला तो ओळखू येतो.

मग हे सार अपुरे म्हणून टाकून द्यावे काय? मुळीच नाही. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची अशीच एक छोटी तबकडी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. तीन मिनिटांनी एका मुलाला घराबाहेर काढले. पुढची विद्या मात्र गुरूपाशी बसूनच मिळाली.

मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर खाँसाहेबांनी देह ठेवला. अखेरच्या घटकेलाही त्यांनी तंबोरा जुळवून सूर लावला, असे सांगतात. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि मोठमोठे गवई सेवा म्हणून गातात. यंदा दिवाळीत मुलांना ही तबकडी ऐकवाल, तेव्हा पुढच्या उरुसाला त्यांना मिरजेलाही घेऊन जा. तेथे राग पुरता ऐकायला मिळेल.