एसव्हीएमची गोष्ट: एकाच संस्थेत सुटे राहिलेले दोन विचार

कॉलेजात एसव्हीएम, म्हणजे सपोर्ट व्हेक्टर मशीन, मी पायथनच्या तीन ओळींत चालवलं आणि विसरून गेलो. त्या तीन ओळींमागे जवळपास तीस वर्षांचं थांबणं आहे, हे नोकरीला लागल्यावर कळलं. आज तीच गोष्ट.

साल १९६४, मॉस्को. व्लादिमीर वापनिक आणि अलेक्सेई चेर्वोनेन्किस यांच्यापुढे साधा वाटणारा प्रश्न होता. कागदावर लाल आणि निळे ठिपके आहेत. त्यांना वेगळं करणाऱ्या रेघा ढीगभर काढता येतात, मग चांगली कुठली? त्यांचं उत्तर: दोन्ही रंगांच्या मधून जास्तीत जास्त रुंद रस्ता काढा, रेघ त्याच्या मधोमध. रस्त्याच्या कडेला टेकलेले ठिपके म्हणजे सपोर्ट व्हेक्टर. बाकीचे पुसले तरी रेघ हलत नाही.

पण लाल मध्ये आणि निळे भोवती असले तर? सरळ रेघ चालणारच नाही. आता कागदाऐवजी चादर समजा आणि ती मधोमध उचला. लाल वर गेले, निळे खाली राहिले; मधून फळी आडवी सरकवता येते. आणि गंमत म्हणजे खरंच उचलायची गरज नाही, दोन-दोन ठिपक्यांमधलं साम्य मोजलं की पुरतं. हे साम्य मोजणारं सूत्र म्हणजे कर्नल. त्याचं गणित त्याच वर्षी, त्याच संस्थेत आयझरमन, ब्राव्हरमन आणि रोझोनोएर यांनी मांडलं होतं!

तरी दोन्ही विचार जोडले गेले थेट १९९२ मध्ये, तेही अमेरिकेत. वापनिक तोवर न्यू जर्सीच्या बेल लॅब्समध्ये आले होते. बर्नहार्ड बोझर आणि इझाबेल गियों यांच्यासोबत त्यांनी रुंद रस्त्याला कर्नल जोडला. खरा डेटा कधीच स्वच्छ नसतो, म्हणून १९९५ मध्ये कोरिना कोर्टेस आणि वापनिक यांनी थोड्या चुका चालवून घेणारं रूप आणलं.

मग हे तंत्र सगळीकडे पोचलं: हाताने लिहिलेले आकडे ओळखणं, बातम्यांची वर्गवारी, स्पॅम मेल. २००२ मध्ये गियों आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरशी निगडित जनुकं शोधायला ते वापरलं. एका डेटात नमुने फक्त ६२ आणि जनुकं २,०००! इतक्या थोड्या नमुन्यांवरही ते टिकतं.

आज डीप लर्निंगचा बोलबाला आहे, पण डेटा कमी असला की मी आधी एसव्हीएम लावून बघतो. आणि हो, हल्ली जुने पेपरही चाळतो. अर्धं उत्तर तिथे पडलेलं असू शकतं.

भेटू पुढच्या भागात!