न्यायासनावरील एकांत

रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव घेतले, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच प्रसंग उभा राहतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, राघोबादादांना दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. या कथेतील निःस्पृहपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतला आहे. पण ते शब्द मुखातून निघेपर्यंतच्या रात्री त्या गृहस्थाने कशा काढल्या असतील, याचा विचार कोणी फारसा केला नाही. बखरकारांना तर त्याचे कारणच नव्हते. न्यायाधीशाच्या मनावर निर्णयाचे जे ओझे असते, ते उचलावयास त्याला कोणाकोणाचे हात लाभत, हाही एक इतिहासच आहे.

जुन्या मराठी मुलखात हे ओझे एकाच्या खांद्यावर सहसा पडत नसे. वतनाचा वा शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते असे सारे बसत, आणि निवाडा झाला की महजरावर आपापल्या निशाण्या करीत. पाटलाचा नांगर असे, कारागिरांच्या हत्यारांची चिन्हे असत. पुढे पेशवाईत पंचायत बसे, ती आपला सारांश लिही आणि त्यावरून हुकूम होई. या पद्धतीत दोष पुष्कळ होते; ओळखीपाळखी, भिडा, दिरंगाई, काय नव्हते! तिची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. परंतु निकाल चुकला तर तो दहा जणांचा चुके, आणि घरी जाऊन एकट्यानेच तळमळत पडण्याची पाळी कोणावर येत नसे. रामशास्त्री त्या दिवशी एकटे पडले ते आरोपी स्वतःच राज्याचा धनी होऊन बसला होता म्हणून. तरीही त्यांना उठून जाण्याची मोकळीक होती, आणि दादांचा अंमल उठल्यावर ते सन्मानाने परतही आले.

इंग्रजी अमलाने न्यायाधीशाला उंच व्यासपीठावर एकट्याला बसविले. त्यातल्या त्यात आधार ज्यूरीचा. १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्यूरर होते; सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे युक्तिवाद केला होता. शिक्षा सुनावताना त्यांनी जी कठोर भाषा वापरली ती महाराष्ट्राने त्यांना कधी क्षमा केली नाही. मला मात्र असे वाटते, की तो कठोरपणा काही अंशी स्वतःच्याच भूतकाळाला दिलेले उत्तर असावा. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गांधीजी उभे राहिले. तेथे गुन्ह्याची कबुलीच असल्याने सारा भार न्यायाधीशावर आला. त्यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला घेऊन तेवढीच सहा वर्षे दिली, आणि सरकारने पुढे ही मुदत कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणास होणार नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. शिक्षा देणाऱ्याने आपले मन असे न्यायासनावरून उघडे केल्याची उदाहरणे थोडी.

या एकांताचे सर्वांत जवळून घडणारे दर्शन न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्रात आहे, आणि त्याचे श्रेय रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाला. १८७९ साली वासुदेव बळवंतांच्या बंडाची धामधूम चालू असता पुण्यातील बुधवारवाडा जळाला, आणि रानड्यांची तडकाफडकी धुळ्याला रवानगी झाली. तेथे बंडवाल्यांच्या नावाची पत्रे त्यांना येऊ लागली. हा सापळा आहे हे ओळखून ती त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाठवून दिली. सकाळी असले टपाल फोडायचे आणि दुपारी शांत चित्ताने कुळासावकारांचे दावे ऐकायचे! पुढे शेतकरी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत फिरती झाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वयाच्या त्रेचाळीसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, १ सप्टेंबर १८९३ रोजी वारले, आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या आसनावर रानडे आले. सरकार संशयाने पाही, आणि आपल्यांतले जहाल लोक सरकारचा माणूस म्हणत. १८९७ साली टिळकांचा जामीन ज्या पीठाने नाकारला, त्यावर न्यायमूर्ती पार्सन्स यांच्याबरोबर रानडेच होते. ते ज्या सभांतून टिळकांशी वाद घालीत, ज्या पुण्यात दोघांचे एकमेकांशी येणे-जाणे होते, ते सारे दाराबाहेर ठेवून त्यांना तेथे बसावे लागले.

हे त्यांनी कशाच्या बळावर निभावले? रमाबाईंनी लिहिले आहे, की पहाटे जाग येताच ते तुकोबांचे अभंग म्हणत, टाळ्या-चुटक्या वाजवीत, तल्लीन होत. डोळे अधू झाल्यावर वाचून दाखविणारे माणूस घरचेच होते. सुटीतले डोंगरावरचे वास्तव्य होते, प्रार्थनासमाज होता, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन होते. म्हणजे आधाराची सारी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या स्वभावातून उभारली होती. ज्या संस्थेसाठी ते झिजले तिने त्यातले काही दिले असेल तर ते फक्त सुटी. आणि तीही पुरली नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने ते गेले, तेव्हा एकोणसाठावे वर्ष पुरे व्हावयास दोन दिवस उरले होते.

स्वातंत्र्यानंतर ज्यूरी हळूहळू गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. फाशीच्या शिक्षेला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते, एवढा एक वाटेकरी राहिला. फाशी लिहून झाल्यावर लेखणीचे टोक मोडण्याचा रिवाज कित्येक न्यायाधीशांनी पाळला, असे सांगतात. कायद्यात तो कोठेच नाही. हातातले काहीतरी खाली टाकून दिल्याखेरीज उठवत नसावे, म्हणूनच तो पडला असेल. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनाच्या मूल्यांचा जो मसुदा स्वीकारला, त्यात पदाला साजेशी अलिप्तता सांगितली आहे, वकिलांशी सलगी टाळावयास सांगितली आहे. नियम योग्यच आहे. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या गावी नुकतीच बदली होऊन आलेली न्यायाधीश आहे, जिला बार रूममध्ये गप्पा मारता येत नाहीत, शेजाऱ्याच्या लग्नाला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो, आणि बालकावरील अत्याचाराची साक्ष दिवसभर ऐकून संध्याकाळी ती कोणाजवळ बोलता येत नाही.

२४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायाधीशांच्या परिषदेत, पंतप्रधानांसमक्ष, सरन्यायाधीश तीरथसिंह ठाकूर न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येविषयी बोलताना गहिवरले. त्यांना अश्रू आवरेनात. दुसऱ्या दिवशी कोणी त्यांचे कौतुक केले, कोणाला ते अशोभनीय वाटले. १९८७ मध्येच विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे सुचविले होते. त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नव्हती. २५ जुलै २०२४ रोजी प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटावर न्यायाधीशांच्या स्वास्थ्याविषयी एक जाहीरनामा झाला. न्यायाधीशाच्या मनावर ताण येणे हा दुबळेपणा नव्हे आणि त्याची लाज कोणी बाळगू नये, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. स्वास्थ्य राखण्याची जबाबदारी न्यायाधीशाबरोबर न्यायसंस्थेवरही टाकली आहे. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा त्यासाठीचा दिवस ठरविला. महजरावर नांगर उमटविणाऱ्या पाटलाला हे वाचून दाखविले असते, तर एवढी साधी गोष्ट ठरवायला सभा का भरवावी लागली, असे त्याने विचारले असते.