मोटारगाडीचा वेग, गियर गुणोत्तर व टायरचा आकार

इंजिनाच्या फिरण्याच्या गतीचे रूपांतर रस्त्यावरील वेगात करणाऱ्या घटकांत गियरपेटीतील गुणोत्तर, अंतिम चालनाचे गुणोत्तर आणि चालक चाकाच्या टायरचा परीघ हे तीन घटक प्रमुख आहेत. क्लच घसरत नसेल आणि टायर रस्त्यावर पकड धरून असेल, तर इंजिनाचे प्रति मिनिट फेरे व हे तीन आकडे यांवरून गाडीचा वेग गणिताने ठरतो. मात्र गाडी जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकेल, हे केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी इंजिनाची शक्ती व हवेचा विरोधही पाहावा लागतो.

मूळ संबंध

इंजिनाचा भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटाला साधारणतः 800 ते 6000 फेरे घेतो. चाके इतक्या गतीने फिरवण्याची गरज नसते, आणि तेवढ्या गतीला गाडी हलवण्यापुरता पीळही चाकांना मिळत नाही. त्यामुळे लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवून गती कमी व पीळ अधिक केला जातो. हे दोन टप्प्यांत घडते. पहिला टप्पा गियरपेटीत असतो व तो चालकाला बदलता येतो. दुसरा टप्पा म्हणजे अंतिम चालन, ज्याला मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत गॅरेजमध्ये ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. त्याचे गुणोत्तर कायम असते. दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर होय.

चाकाचे प्रति मिनिट फेरे = इंजिनाचे प्रति मिनिट फेरे ÷ एकूण गुणोत्तर

वेग (किमी/तास) = चाकाचे प्रति मिनिट फेरे × टायरचा परीघ (मीटर) × 60 ÷ 1000

वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक फिरते. तेव्हा वरील सूत्रात दोन्ही चालक चाकांच्या फेऱ्यांची सरासरी धरावी लागते. हा फरक सामावून घेण्याचे काम डिफरन्शियल करते.

टायरवरील आकडे

टायरच्या बाजूवर ‘185/65 आर 15’ यासारखी खूण कोरलेली असते. यातील 185 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 65 ही बाजूच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास होय. बाजूची उंची 185 × 0.65 = 120.25 मिमी येते. ती दुप्पट करून त्यात रिमचा व्यास (381 मिमी) मिळवला की पूर्ण व्यास 621.5 मिमी आणि परीघ सुमारे 1.95 मीटर मिळतो. असे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे 512 फेरे घेते. गाडीच्या वजनाने टायर खाली किंचित दबतो, त्यामुळे प्रत्यक्षातील परीघ याहून थोडा कमी असतो.

रिम मोठी म्हणजे चाक मोठे, हा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. मारुती स्विफ्टच्या 2018 साली आलेल्या पिढीत कमी किमतीच्या प्रकारांना 165/80 आर 14 आणि महाग प्रकारांना 185/65 आर 15 टायर होते. पहिल्याचा व्यास 619.6 मिमी, दुसऱ्याचा 621.5 मिमी. रिम एका इंचाने वाढूनही पूर्ण व्यासातील फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारांत गियर गुणोत्तरे व वेगदर्शक तेच ठेवले तरी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

हिशेब नेहमी चालक चाकाचा करायचा असतो. टाटा नॅनो या गाडीत पुढे 135/70 आर 12 आणि मागे 155/65 आर 12 असे वेगवेगळे टायर होते. इंजिन मागे असून तेच मागची चाके फिरवत असल्याने या गाडीच्या सूत्रात मागील टायरचा सुमारे 506 मिमी व्यास येतो, पुढील टायरचा 494 मिमी नव्हे. नाशिक येथे तयार होणाऱ्या 2020 सालच्या महिंद्रा थारचा 255/65 आर 18 टायर 788.7 मिमी व्यासाचा आहे. एकूण गुणोत्तर व इंजिनाचे फेरे सारखेच धरले, तर असे चाक स्विफ्टच्या चाकापेक्षा एका फेऱ्यात सुमारे 27 टक्के अधिक अंतर कापेल. त्याच वेळी रस्त्यावर मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटेल, कारण पिळाला चाकाच्या त्रिज्येने भागले की जोर मिळतो.

गियरनिहाय वेग

पाच गियरच्या एका काल्पनिक गाडीची गुणोत्तरे अनुक्रमे 3.5, 1.9, 1.3, 1.0 व 0.8, अंतिम चालनाचे गुणोत्तर 4.0 आणि टायर 185/65 आर 15 धरू. इंजिन 3000 फेऱ्यांवर असता पहिल्या गियरमध्ये ताशी सुमारे 25 किमी, दुसऱ्यात 46, तिसऱ्यात 68, चौथ्यात 88 व पाचव्यात 110 किमी वेग येतो.

हाच हिशेब उलट दिशेने अधिक उपयोगी पडतो. भाईंदरहून उत्तन, पाली या किनाऱ्यावरील गावांकडे जाताना वस्तीतून ताशी 30 किमी वेगाने चालायचे असेल, तर या गाडीचे इंजिन दुसऱ्या गियरमध्ये सुमारे 1950, तिसऱ्यात 1330, तर पाचव्यात अवघे 820 फेरे घेईल. शेवटचा आकडा इंजिन निव्वळ चालू ठेवण्याच्या गतीजवळचा असल्याने गाडी हिसके देऊ लागते. चालक ज्याला ‘गाडी गियर मागते’ असे म्हणतात, ती ही अवस्था होय.

कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेल्या आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रीमियर पद्मिनीत चारच गियर होते व गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. तिचा चौथा गियर थेट, म्हणजे 1 गुणोत्तराचा होता. इंजिनाचे फेरे एकापेक्षा कमी गुणोत्तराने आणखी उतरवणारा पाचवा गियर तिच्यात नव्हता. टायरचे माप 5.20-14 असे इंचांत लिहिले जाई. त्यात बाजूच्या उंचीची टक्केवारी नसे. मुंबईत नोंदलेली या जातीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव येथे नोंदवली गेली होती. 20 वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ऑक्टोबर 2023 अखेर ती सेवेतून बाद झाली.

कमाल वेगाची मर्यादा

वरील काल्पनिक गाडीचे इंजिन 6000 फेऱ्यांवर नेले, तर पाचव्या गियरमध्ये सूत्रानुसार ताशी सुमारे 220 किमी वेग येतो. लहान इंजिनाची गाडी प्रत्यक्षात तेथवर पोहोचत नाही. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर त्यासाठी आठपट शक्ती हवी. उपलब्ध शक्ती व लागणारी शक्ती जेथे सारखी होते, तेथे वेग थांबतो. म्हणून नुसते मोठे टायर बसवून कमाल वेग वाढेलच असे नाही. पुष्कळदा तो घटतो, कारण इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचू शकत नाही.

घाटातील उतार

खंडाळ्याहून खोपोलीकडे बोर घाट उतरताना हाच संबंध विरुद्ध दिशेने काम करतो. गुरुत्वाकर्षण चाके फिरवते आणि चाके इंजिनाला. खालच्या गियरमध्ये एकूण गुणोत्तर मोठे असल्याने थोड्या वेगालाही इंजिनाला पुष्कळ फेरे घ्यावे लागतात, व त्याच्या विरोधाने गाडी आवरली जाते. वरील गाडी ताशी 45 किमी वेगाने उतरत असेल, तर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन सुमारे 2900 फेरे घेते, पाचव्यात केवळ 1230. डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला की हा विरोध पूर्ण नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड जाते आणि अशा वेळी भरधाव गाडी पुन्हा खालच्या गियरमध्ये घालणे बहुधा साधत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढावा त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना नियम या गणितावरच आधारलेला आहे.

वेगदर्शक व भाडेमीटर

वेगदर्शक रस्ता मोजत नाही. तो चाकाचे किंवा गियरपेटीतील दंडाचे फेरे मोजतो आणि त्यांना ठरावीक परिघाने गुणतो. टायरचा व्यास 5 टक्क्यांनी वाढवला आणि दर्शक मुळात अचूक असला, तर काटा 80 वर असताना गाडी ताशी 84 किमी वेगाने धावत असते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 39 नुसार दर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवायचा तर तो खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमी इतक्या मर्यादेत असावा. म्हणजे खरा वेग 100 असता 100 ते 114 मधील कोणताही आकडा चालतो. नव्या गाड्यांचे दर्शक थोडा अधिक वेग दाखवतात, त्याचे कारण हेच. मोठे टायर ही राखलेली सवलत खाऊन टाकतात.

टायर झिजला की उलट घडते. नव्या टायरची नक्षी सुमारे 8 मिमी खोल असते. ती 1.6 मिमीपर्यंत झिजल्यास 621.5 मिमी व्यासाचे चाक सुमारे 2 टक्के लहान होते व दर्शक तेवढा जास्त वेग दाखवतो. रिक्षाच्या 4.00-8 मापाच्या टायरचा परीघ सुमारे सव्वा मीटर असतो. चाकच लहान असल्याने तेवढ्याच झिजेचा परिणाम टक्केवारीत अधिक होतो. फेऱ्यांवरून अंतर मोजणाऱ्या भाडेमीटरमध्ये हा फरक प्रवाशाच्या भाड्यात उतरतो. टायरचे माप बदलल्यावर मीटर पुन्हा प्रमाणित करून घेणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

टायर बदलण्यावरील बंधने

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 117 नुसार वाहनाला वेगदर्शक आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. तांत्रिक दृष्ट्याही टायर बदलताना पूर्ण व्यास मूळ व्यासाच्या जवळ राखणे, भारक्षमता व वेगक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसणे आणि टायर चाकाच्या कमानीला न घासणे या बाबी पाहाव्या लागतात. चारही चाके एकाच वेळी फिरवणाऱ्या गाड्यांत पुढील व मागील टायरच्या परिघातील तफावत चालनयंत्रणेवर ताण आणते. म्हणून त्यांचे टायर शक्यतो एकत्र बदलले जातात.

विद्युत गाड्या

पुण्याजवळील रांजणगाव येथे बनणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत गियर बदलावे लागत नाहीत. विद्युत चलित्र शून्य फेऱ्यांपासूनच भरपूर पीळ देते व इंजिनापेक्षा पुष्कळ अधिक फेऱ्यांपर्यंत चालते. त्यामुळे एकच कायम गुणोत्तर पुरते. सूत्र मात्र तेच राहते, आणि चलित्राच्या ठरावीक फेऱ्यांना गाडीचा वेग बदलू शकणारा एकच घटक उरतो: टायरचा परीघ.